गॅफर आपले कोण होते?

इंग्लंडमधल्या स्मेथविकहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पबचे गॅफर गेले. वेस्ट ब्रॉमविच, स्मेथविक, डडली या भागात पब चालवणाऱ्याला गॅफर म्हणतात. या कुटुंबाला त्यांचं खरं नाव बारा वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही, ते परवा निधनाच्या सूचनेत वाचलं. वय ७१. ताईंचा १४ वर्षांचा मुलगा गेली सहा वर्षं प्रत्येक होम मॅचला त्यांचं बोट धरून, आणि अलीकडे त्यांच्या खांद्याला खांदा लावून, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या फुटबॉल संघाच्या मैदानावर, हॉथॉर्न्सला जायचा. मॅच तीनची. सव्वादोनला पब रिकामा व्हायचा, मग गॅफर बार बायकोवर सोपवून निघायचे. शेवटची शिट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी दोघं परत फिरायचे, कारण सगळी गर्दी पुन्हा पबमध्येच यायची.

मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. अंत्यविधीला जायचंच म्हणतोय. नवऱ्याचं म्हणणं, पोराला स्मशानात कशाला न्यायचं? सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, दारू विकणारा माणूस, त्याचं एवढं काय मनावर घ्यायचं? ताईंचा स्वतःचा प्रश्न पत्राच्या अगदी शेवटी आहे: ‘आम्ही त्यांचे कोण? तिथे जाऊन कुठे बसायचं, काय बोलायचं?’

ताई, जा. तिघंही जा.

मी इथे आले त्याच्या दुसऱ्या वर्षी शेजारचे आजोबा गेले. मी पांढरी साडी नेसून शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले, विधी संपताच कुणाला न भेटता घरी आले आणि अंघोळ केली. महिन्याभराने त्यांची लेक फाटकापाशी भेटली. म्हणाली, ‘आम्ही तुला शोधत होतो. बाबा तुझ्याबद्दल काय काय सांगायचे, ते तुला सांगायचं होतं.’ तेव्हा ती घाईत होती, नंतर ते घर विकलं गेलं. आजोबा माझ्याबद्दल काय सांगायचे, हे मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी मी फक्त दीड तास थांबायला हवं होतं.

इकडे तो दीड तास फार महत्त्वाचा. आपल्याकडे माणूस गेला की काही तासांत सगळं उरकतं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ त्यानंतर तेरा दिवस चालते. इथे उलटं आहे. डॉक्टरांचे कागद, मृत्यूची नोंद, मेडिकल एक्झामिनरची, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या डॉक्टरची तपासणी (सप्टेंबर २०२४पासून ती जवळजवळ सगळ्यांनाच लागू झाली), मग क्रेमेटोरियममध्ये मिळेल तो दिवस. दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढ्यात घरी उठून जायची रीत नाही, कार्ड पाठवतात. रडणं, बोलणं, आठवणी, सगळं विधीनंतरच्या ‘वेक’मध्ये होतं, म्हणजे सगळे खायला-प्यायला एकत्र जमतात तिथे. गॅफरचा वेक त्यांच्याच पबमध्ये आहे, असं तुम्ही लिहिलंय. विधीला मागे बसलात तरी चालेल, पण वेकला न जाता घरी येऊ नका.

आता कपड्यांचं. सूचनेत ‘अल्बियनचे रंग घालून या’ असं लिहिलं असेल तर ते मनापासून लिहिलेलं असतं. गडद कोट आणि गळ्यात निळा-पांढरा स्कार्फ पुरेसा आहे. मुलाला जर्सी घालायची असेल तर घालू दे. फुलं फक्त घरच्यांची, असं बहुतेक सूचनांमध्ये असतं. तसं असेल तर हार-गुच्छ नेऊ नका, त्यांनी सांगितलेल्या संस्थेला जमेल तेवढी देणगी द्या. वेकमध्ये सँडविच, सॉसेज रोल, पोर्क पाय मांडलेले असतील. तुम्ही शाकाहारी आहात, तर घरून जेवून जा आणि हातात लाइम-सोडा घ्या. गॅफरच्या नावाने ग्लास उंचावतील तेव्हा तो लाइम-सोडाच उंचावायचा. त्यात काय आहे हे कुणी बघत नाही.

तुमच्या यजमानांना सांगा, क्रेमेटोरियम म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचं स्मशान नाही. लाकडं, ज्वाळा, कवटी यातलं काहीच दिसत नाही. एक दालन, बंद शवपेटी, त्यावर बहुधा स्कार्फ. अर्धा-पाऊण तास भाषणं आणि गाणी, शेवटी पडदा ओढतात किंवा लोक पेटीला हात लावून बाहेर पडतात. मुलाला हे सगळं आदल्या दिवशी क्रमाने सांगा. चौदा वर्षांचं पोर घरी राहिलं तर ते सगळं मनाने रचत बसेल, आणि मनाने रचलेलं खऱ्याहून भयंकर असतं.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का, मला माहीत नाही. अल्बियनचे चाहते मैदानात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र गातात. म्हणजे तुमच्या मुलाला ते पाठ असणार, सहा वर्षं गॅफरशेजारी उभा राहून तो ते गात आलाय. अंत्यविधीतही हे स्तोत्र नेहमी म्हणतात. त्या दालनात ते सुरू झालं, तर तुमचा मुलगा परका नसेल. कदाचित तुमच्या तिघांत तोच सगळ्यांत जास्त घरचा असेल.

‘आम्ही कोण’ हा प्रश्न याच गावात पूर्वी वेगळ्या तऱ्हेने विचारला जायचा. १९६५ साली स्मेथविकच्या कित्येक पबमध्ये काळ्या-सावळ्या माणसाला आत घेत नसत, घेतलंच तर वेगळ्या खोलीत बसवत. त्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स इथल्या मार्शल स्ट्रीटवर येऊन गेले. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा कायदा झाला आणि पबच्या दारात रंगावरून अडवणं बेकायदा ठरलं. गॅफरच्या अंत्यविधीला तुम्हाला पगडीवाले वयस्क पंजाबी बाबा दिसतील. त्यांच्यातल्या कुणाला तरुणपणी कुठल्या ना कुठल्या दारातून परत फिरावं लागलं असेल. ते आता आत बसतील. तुम्हाला कळत नसेल कुठे बसायचं, तर त्यांच्या शेजारी बसा.

सासूबाईंना काय सांगायचं? मला वाटतं, ते सासऱ्यांना सांगू द्या. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्यांच्यामुळेच. सासरे मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. सहा महिने राहायला आले होते, इंग्रजी बेताचं. गॅफरनी त्यांना टेबलाशी बसवून ग्लासखाली ठेवायच्या चार बिअर मॅट मांडल्या, जुनी गोष्ट सांगायला. चार संघ: नॉरिच, साउथॅम्प्टन, क्रिस्टल पॅलेस आणि अल्बियन. १५ मे २००५, हंगामाचा शेवटचा दिवस, चौघांपैकी एकच वाचणार, बाकीचे खालच्या लीगमध्ये जाणार. गॅफरनी एकेक मॅट उचलून खाली टाकली, शेवटी एकच उरली. ख्रिसमसला तळाला असलेला संघ प्रीमियर लीगमध्ये टिकून राहिला, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. मग सासऱ्यांनी शेंगदाणे मांडून शाहू स्टेडियमवरची पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण ही तालमींची फुटबॉल मॅच समजावून दिली. दोघांनी पाऊण तास काढला. कोल्हापूरच्या माणसाला तालमीची इरेसरी माहीत असते, गल्लीचा संघ हरला की घरात चूल पेटत नाही हेही त्याने पाहिलेलं असतं. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर मैदानाच्या कडेने एव्हर्टन संघाच्या ८००हून अधिक चाहत्यांच्या रक्षा पुरल्या आहेत. जागाच उरली नाही म्हणून क्लबने २००४ साली ते थांबवलं. हे सासऱ्यांना सांगितलंत तर त्यांना नवल वाटणार नाही. सुतक वगैरे काही नाही, पण संध्याकाळी देवापाशी एक निरांजन जास्त लावलं तर कोण अडवणार आहे?

गॅफरच्या बायकोला काय म्हणायचं, हा तुमचा खरा अवघड प्रश्न. ‘सॉरी फॉर युअर लॉस’ एवढं म्हणून पुढे सरकू नका. तुम्ही लिहिलंय, काउंटरवर डुकराच्या कातडीच्या कुरकुरीत तुकड्यांची बरणी असते, आणि तुमचा मुलगा तिच्याकडे हात नेऊ लागला की गॅफर न बोलता ती बरणी सरकवून शेंगदाण्यांची बशी पुढे करायचे. सहा वर्षं. हे त्यांच्या बायकोला माहीत नसेल, ती तेव्हा दुसऱ्या टोकाला ग्लास भरत असेल. हेच सांगा. कार्डावर लिहायचं असेल तर मुलाला त्याच्या अक्षरात हेच लिहू दे.

आणि एक विचारू नका: ‘आता पबचं काय होणार?’ बरेच गॅफर पबचे मालक नसतात. जागा कंपनीची, हे भाडेकरू, राहायचं वरच्या मजल्यावर. नवरा गेला की बाईचं काम आणि राहतं घर दोन्ही एकदम टांगणीला लागू शकतं. अंत्यविधीच्या दिवशी दहा जण तिला तेच विचारतील. तुम्ही तीन आठवड्यांनी, सगळे पांगल्यावर, डबा घेऊन मागच्या दाराने जा. सामान बांधायला, कागद लावायला माणूस लागतोय का, ते तेव्हा विचारा. तुमचे यजमान हिशेबाचं काम करतात, त्यांचा हात लागला तर फार बरं.

मैदानावरचं राहिलं. चाहत्यांची एक रीत आहे: जाणारा जितक्या वर्षांचा, तितक्याव्या मिनिटाला त्याच्या आजूबाजूचे लोक उठून टाळ्या वाजवतात. गॅफरसाठी ७१व्या मिनिटाला. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, त्यांच्या रांगेतल्या चार-पाच जणांना आधी सांगून ठेवायचं. हे काम मुलाकडे द्या, त्याला ती माणसं ओळखतात. हॉथॉर्न्सबाहेर जेफ अॅसलच्या नावाचं फाटक आहे, १९६८च्या एफए कप फायनलमध्ये विजयी गोल मारणारे ते. तिथे स्कार्फ बांधायचा असेल तर मॅचच्या आधी बांधा, नंतर गर्दीत उभं राहता येत नाही.

पहिल्या मॅचला मुलाला एकटं पाठवू नका. तुमचे यजमान फुटबॉल बघत नाहीत हे कळलं, तरी त्यांनीच जावं. पबपासून सव्वादोनलाच निघा. शेवटची पाच मिनिटं थांबायचं की नेहमीसारखं उठायचं, ते मुलाला ठरवू दे.