बोर्डाने ‘सर्व्हिसशी संबंध नाही’ लिहिलं, आता पुढे काय?

प्रश्न : सर नमस्कार. आमचे मिस्टर फौजेत 24 वर्षं नोकरी करून 2022 ला हवालदार म्हणून घरी आले. भरतीच्या वेळी एकदम फिट होते. 2014 ते 2016 लेहच्या वरती पोस्टवर होते, तिथून काश्मीर, मग 2017 ला पीसमध्ये (शांत भागातल्या छावणीत) आले आणि दोन महिन्यांत बीपी निघालं. घरी येतानाच्या तपासणीत रिलीज मेडिकल बोर्डाने 30 टक्के डिसॅबिलिटी लाइफलाँग दिली पण सर्व्हिसमुळे झालेलं नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलेलंही नाही असं लिहिलं, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाही. पहिलं अपील फेटाळलं. मिस्टर म्हणतात जाऊदे, बीपी काय गावात सगळ्यांनाच आहे. खरंच सोडून द्यायचं का?
– एक वाचक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, अजिबात सोडू नका. मिस्टरांना बीपी आहे हे बोर्डाने मान्यच केलंय, 30 टक्केही दिलेत, भांडण फक्त त्या एका रकान्याचं आहे जिथे कारण लिहायचं असतं. म्हणून सगळ्यात आधी बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत हातात घ्या. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला 10 रुपये फी भरून माहिती अधिकारात अर्ज टाका, त्यात भरतीच्या वेळचं मेडिकल, सगळ्या कॅटेगरायझेशनचे (मेडिकल कॅटेगरी ठरवल्याचे) कागद आणि अपील फेटाळताना काढलेला पूर्ण आदेश, सगळं मागा. नुसतं फेटाळल्याचं पत्र घेऊन वकिलाकडे जाऊ नका.

आता तो रकाना वाचा. बहुतेक वेळा तिथे एकच ओळ असते, आजार पीस स्टेशनला सुरू झाला, सर्व्हिसचा ताण नाही. मी अशी पुष्कळ बोर्डं वाचलीत आणि दरवेळी जीव तुटतो, कारण त्या एका ओळीत माणसाची बर्फातली दोन वर्षं गायब झालेली असतात. बीपी काय ट्रेनमधून उतरल्यावर सुरू होतं का? सरकारच्याच मेडिकल ऑफिसरांसाठीच्या पेन्शन गाईडमध्ये, 2008 च्या सुधारणेत, लिहिलंय की प्रायमरी हायपरटेन्शन (दुसऱ्या आजारातून न आलेलं बीपी) फिल्डमध्ये (सीमेवरच्या किंवा कारवाईच्या भागात), हाय अल्टिट्यूडला किंवा काउंटर इन्सर्जन्सी (बंडखोरीविरोधी कारवाईच्या) एरियात असताना झालं तर ते सर्व्हिसमुळे वाढलं असं धरायचं, आणि लांब आणि वारंवार फिल्ड केल्यानंतर उशिरा निघालेल्या केसेसचाही तिथे उल्लेख आहे. तुमची केस हीच आहे, लेह, मग काश्मीर, आणि पीसला येऊन दोनच महिने.

दुसरा आधार सुप्रीम कोर्टाचा, धरमवीर सिंग, 2013. सिग्नल्समधला जवान, 1985 ला भरती, फिट्स येतात म्हणून 1994 ला घरी पाठवला, बोर्ड म्हणालं आजार मुळातच अंगात होता. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असंच धरायचं, नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं लिहायची, जवानाने सिद्ध करत बसायचं नाही. सरकार म्हणेल हा निकाल जुन्या नियमांवरचा, 2008 चे नियम वेगळे आहेत, म्हणून नुसत्या या निकालावर विसंबू नका, पोस्टिंगच्या तारखा जोडा.

इथे एक कळकळीने सांगतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या अपिलात मी चार पानं लिहिली होती, मुलींची शिक्षणं, आईचं आजारपण, घराचं कर्ज, आणि उत्तर आलं तीन ओळींचं. दुसऱ्या वेळी एक पान लिहिलं, डावीकडे पोस्टिंग आणि तारीख, उजवीकडे त्या काळातला एमएचचा (मिलिटरी हॉस्पिटलचा) कागद, आणि ते पान शेवटपर्यंत कामाला आलं. तुम्ही आजच मिस्टरांना शेजारी बसवा, डिस्चार्ज बुक उघडा आणि असा तक्ता करा, त्यांना कंटाळा येईल पण करून घ्या.

पहिलं अपील फेटाळल्यापासून सहा महिन्यांत दुसरं अपील करायचं असतं. सहा महिने थांबूनही त्यावर निर्णय आला नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये (फौजेच्या केसेसच्या न्यायाधिकरणात) जाता येतं, महाराष्ट्रासाठी मुंबईचं बेंच आहे. मुदत उलटली असेल तरी उशीर माफ करायचा अर्ज सोबत देता येतो. पेन्शन दर महिन्याला थकते म्हणून दावा मरत नाही, तरसेम सिंग केसमध्ये (2008) जवान 1983 ला घरी आला आणि 1999 ला कोर्टात गेला तरी पेन्शन मिळाली, पण थकबाकी फक्त केस टाकायच्या आधीच्या तीनच वर्षांची. म्हणजे जितका उशीर तितका पैसा गेला.

पैसा किती तेही मिस्टरांना सांगा. 100 टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असा हिशोब आहे. पगार एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) धरून 50,000 असेल तर 30 टक्के डिसॅबिलिटीचे महिन्याला 4,500. आणि राम अवतार निकालानुसार (2014) 50 च्या आतली डिसॅबिलिटी 50 धरली तर 7,500, वर महागाई भत्ता वेगळा, तोही आयुष्यभर.

एक सावधगिरी, शेजारचा कुणी 21 सप्टेंबर 2023 नंतर फौजेतून बाहेर पडला असेल तर त्याला नवे नियम लागतात, तुमचा अर्ज त्याला कॉपी करून देऊ नका.

प्रश्न : मुलगा 2019 ला फौजेच्या ट्रेनिंगमध्ये असताना गुडघ्यामुळे इनव्हॅलिड (नोकरीला अनफिट) ठरून घरी आला. बोर्डाने 15 टक्के दिले, 20 च्या खाली म्हणून पेन्शन नाही म्हणतात. काही करता येईल का?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : दादा, येईल. सुखविंदर सिंग निकाल (2014) तुमच्यासाठीच आहे असं समजा. तोही रिक्रूटच होता, टक्के तर तुमच्या मुलापेक्षा कमी. सुप्रीम कोर्ट म्हणालं की फौजेने माणसाला आजारामुळे स्वतःहून काढून टाकलं तर त्याची डिसॅबिलिटी 20 च्या वर होती असंच धरायला हवं, नाहीतर काढलं कशाला? गुडघा परेडवर, पीटीत की अडथळ्यावरून उडी मारताना गेला ते आणि त्या दिवशीचा इंजुरी रिपोर्ट आहे का ते आधी बघा, नसेल तर एमएचमधल्या पहिल्या अॅडमिशनचा कागद मागवा, त्यावर तारीख आणि कारण लिहिलेलं असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अपिलाचा अर्ज लिहायला मदत मागा, आणि मुलाला सोबत न्या, सही त्याची लागते.