घोट्याचं हाड मोडलंय, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. कुबड्या घेऊ, वॉकर घेऊ की गुडघा टेकवायची स्कूटर?

मी डॉक्टर नाही, पण डाव्या घोट्याने मलाही चारेक महिने लंगडत ठेवलं होतं, म्हणून लिहितोय.

काही घ्यायच्या आधी डॉक्टरांना नीट विचारा: 'टेकवायचा नाही' म्हणजे अजिबात नाही, की तोल सांभाळण्यापुरती बोटं टेकलेली चालतील? साधन यावरच ठरतं. अजिबात नाही म्हणाले असतील तर काठीचा विचारच नको. काठी थोडाच भार घेते, तिचे दिवस नंतर येतात.

हातांत ताकद असेल आणि घरात जिने असतील तर कुबड्या. फक्त त्यांचं माप नीट घ्या. मी पहिले काही दिवस चक्क काखेत कुबड्या रोवून लटकत होतो. बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा वाटलं, झोपेत हात अवघडला असेल. फिजिओने नुसतं बघितलं आणि बटण दाबून दोन्ही कुबड्या दोन-दोन भोकं खाली घेतल्या. काखेतून जाणारी नस सारखी दाबली गेली तर मनगट उचलता येत नाही इथपर्यंत वेळ येऊ शकते. सरळ उभं राहिल्यावर काख आणि कुबडीचं टोक यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जायला हवीत, आणि हात सैल सोडला की कुबडीची मूठ मनगटाच्या रेषेला यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं. कुबडीचं वरचं टोक बरगडीला चिकटवून धरायचं, अंगाचा सगळा भार तळव्यांवर. तळवे दुखतात, पण ते परवडलं.

जिन्याचं लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, मग कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना उलट, कुबड्या आणि दुखरा पाय आधी. भीती वाटली तर सरळ बसून, एकेक पायरी सरकत जा. मी तसाच जायचो, लाज गेली खड्ड्यात.

तोल जातो किंवा वय झालंय अशांना वॉकर बरा, पण जिन्यावर तो कामाचा नाही. स्कूटर म्हणजे गादीवर गुडघा टेकवून चांगल्या पायाने ढकलायची गाडी. लांब, सपाट जागेत मस्त चालते आणि हात वाचतात. पण उंबरठ्याला अडते, जोरात वळवली की कलंडते, आणि गुडघा मुळात दुखरा असेल तर नकोच.

पुढे प्लास्टर काढून वॉकिंग बूट देतील, म्हणजे घोटा धरून ठेवणारा, चालायचा कडक बूट. त्याचा सोल जाड असतो, त्यामुळे एक पाय उंच होतो. माझी कंबर धरली तेव्हा कुठे ट्यूब पेटली. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचा बूट घातला आणि सुटलो. डॉक्टरांनी अमुक किलो भार द्यायला सांगितला तर वजनकाट्यावर पाय ठेवून बघा. २० किलो म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. ऐकायला उलटं वाटतं, पण दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे पडली की भार वाटला जातो. शेवटी घोट्याचा ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा येतो. तो पाय मुरगळू देत नाही, पण गेलेला तोल परत आणून देत नाही. त्यासाठी फिजिओ सांगतील तेव्हा भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचा सराव करावा लागतो.

पोटरी अचानक दुखायला लागली, सुजली, गरम लागली, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत.

आणि कुबड्यांच्या टोकाची रबरं आज रात्रीच उलटी करून बघा. गुळगुळीत झाली असतील तर आधी ती बदला, मगच बाथरूममध्ये पाऊल टाका.