युरोपियन सुपर लीग दोन दिवसांतच का कोसळली?

मुख्य कारण एकच: बड्या क्लबांना हरण्याची भीतीच नको होती.

१८ एप्रिल २०२१ च्या रात्री १२ फुटबॉल क्लबांनी या नव्या स्पर्धेची घोषणा केली. इंग्लंडचे ६, स्पेनचे ३, इटलीचे ३. आराखडा २० संघांचा होता. त्यातल्या १५ संस्थापकांची (हे १२ आणि आणखी ३ यायचे होते) जागा कायमची, कितीही वाईट खेळले तरी. उरलेल्या ५ जागांसाठी बाकी सगळ्या युरोपने झगडायचं. १०-१० चे दोन गट, म्हणजे प्रत्येकाला गटात १८ सामने. संस्थापकांना मिळून साडेतीन अब्ज युरो, आणि पैसा उभा करणार होती जेपी मॉर्गन बँक.

चाहत्यांना खटकली ती कायमची जागा. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचं तिकीट मुख्यतः दरवर्षी देशातल्या लीगमध्ये कमवावं लागतं, आणि त्या खेळाचा प्राणच तो आहे. २० तारखेला स्टॅमफर्ड ब्रिज या चेल्सीच्या मैदानाबाहेर क्लबच्या स्वतःच्याच चाहत्यांनी संघाची बस अडवली. चेल्सीचा माजी गोलरक्षक आणि तेव्हा क्लबचा सल्लागार असलेला पेत्र चेक रस्त्यावर उतरून ‘थोडा वेळ द्या’ म्हणून विनवत होता. त्याच रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लबांनी अंग काढून घेतलं.

बायर्न आणि डॉर्टमुंड हे जर्मनीचे बडे क्लब तर आलेच नव्हते. जर्मनीत क्लबमधली बहुसंख्य मतं साधारणपणे सभासदांकडेच राहतात, त्यामुळे असा निर्णय मालकाच्या खोलीत होत नाही. हा नियम इतर देशांनीही उचलायला हवा.

डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने युएफा (युरोपची) आणि फिफा (जगाची) या फुटबॉल संघटनांचे नव्या स्पर्धांसाठीच्या पूर्वपरवानगीचे नियम बेकायदा ठरवले खरे, पण याचा अर्थ सुपर लीगला मंजुरी मिळाली असा नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केलं.