मांजराला घरी इन्सुलिन देताय? आधी सिरिंजच्या टोपणाचा रंग बघा

तुम्ही विचारलंय, की अकरा वर्षांच्या बोक्याला शुगर निघाली, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितलंय, पण सुई टोचायला हात धजत नाही आणि घरी शुगर कशी बघायची तेही कळत नाही. मीही कोल्हापूरचाच. आमच्या बंड्या बोक्याला साडेतीन वर्षं इन्सुलिन दिलं. सुईची भीती चार दिवसांत जाते हो, खरी काळजी सिरिंजची.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. मांजराला बऱ्याचदा ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन देतात, त्याची बाटली १०० ची. मला एका मेडिकलमधून बाटली ग्लार्जिनची मिळाली आणि सिरिंज लाल टोपणाची. मीही बघितलं नाही. एकच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, म्हणजे एकाऐवजी अंगात गेलं अडीच युनिट. सकाळी साडेसातला सुई दिली होती. दुपारी एकच्या सुमाराला बंड्या मागचे पाय फाकवत पाण्याच्या भांड्यापाशी गेला आणि पाणी न पिता नुसता भांड्यात बघत बसला. कान टोचला, शुगर ३८, म्हणजे फारच खाली. घरात गुऱ्हाळावरची काकवी होती, ती बोटानं हिरड्यांना चोळली. थोड्या वेळानं जीभ फिरवायला लागला, तसंच टोपलीत घालून डॉक्टरांकडे पळालो. वाचला. तुमच्याकडे मध किंवा ग्लुकोज पावडर कायम हाताशी ठेवा. मांजर ग्लानीत असेल तर तोंडात काही ओतू मात्र नका, ठसका लागून श्वासात जातं.

शुगर कानाच्या कडेला बघायची. कान तळव्यात धरून ऊब द्या, मागून कापसाचा बोळा लावा आणि कडेच्या बारीक शिरेशेजारी टोचा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन स्ट्रिपा वाया जातील, जाऊ देत. माणसाचा ग्लुकोमीटर मांजरात आकडा जरा कमी दाखवतो, म्हणून मशीन बदलू नका आणि कोणतं वापरताय ते डॉक्टरांना सांगा. दवाखान्यात घाबरून मांजराची शुगर चढते, त्यामुळे घरच्या नोंदींचीच डॉक्टरांना खरी मदत होते. सुईआधी एकदा बघाच. डॉक्टर सांगतील त्या दिवशी मात्र दर दोन तासांनी, बारा तास बघायची. कारण शुगर सगळ्यात खाली जाते ती सुईनंतर चार ते आठ तासांत.

बोका जेवला नाही किंवा आकडा कमी आला, तर डोस देऊ नका, आधी फोन करा. सुई देताना केस ओले लागले तर औषध बाहेर सांडलंय असं समजा. तरी पुन्हा देऊ नका, किती आत गेलं ते कळत नाही. एक डोस चुकला तर निभतं, दुप्पट गेला तर जीवावर बेततं. जेवण बंद आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दूध-भात बंद करा. आमच्या आईला हे पटायला महिना लागला. डॉक्टरांना विचारून मांसाचं ओलं खाणं द्या. आपला पांढरा रस्सा नको, कांदा-लसूण मांजराला विषासारखे. खाणं सुधारलं की काही मांजरांची इन्सुलिनची गरज कमी होते, कधी सुटतेही, म्हणून तर तपासत राहायचं.

बाटली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. २०१९ च्या पुरात लाईट नव्हती, तेव्हा आम्ही बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओलं फडकं गुंडाळलेल्या कोऱ्या मडक्यात ठेवली होती.

आज संध्याकाळच्या डोसआधी बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवा आणि दोन्हींवर ४० आहे की १०० ते वाचा. जुळत नसेल तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा, आणि मलाही इथे कळवा, मी वाट बघतोय.