लॅकर मारलं आणि अंगण बुळबुळीत झालं

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं गावचं घर आहे. मार्चमध्ये अंगणातली सारवणाची जमीन काढून शहाबादी घातली, साधारण सहाशे स्क्वेअर फूट. मिस्त्री म्हणाला वरून वेट लुकचं लॅकर मारूया, फरशी काळी कुळकुळीत दिसेल आणि डाग पण बसणार नाहीत. दोन हात मारले. दिसायला खरंच छान झालं होतं, पण जूनमध्ये पाऊस लागला आणि सासूबाई तुळशीपाशी दिवा लावायला गेल्या त्या सरळ आपटल्या, मनगट फ्रॅक्चर. आता मिस्त्री म्हणतोय ॲसिड टाकून खरखरीत करून देतो. करू का? आणि पाऊस चालू आहे तोवर काय करायचं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी त्या ॲसिडच्या बाटलीला घरात घेऊ नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर नुसतं लिंबू पिळून राहू दिलंत तरी पांढरट डाग उठतो, आणि तुमच्याकडे तर वर लॅकरचा थर आहे म्हणजे ॲसिड सगळीकडे सारखं पोचणारच नाही, जिथे ओरखडा आहे जिथे थर उडालाय तिथेच आत जाऊन दगड खाणार आणि बाकी जागा आहे तशी गुळगुळीत राहणार. अंगणाला कोड फुटल्यासारखं दिसेल आणि घसरायचं ते घसरायचंच. कोटा, कडप्पा यांचंही हेच, तेही चुनखडीचेच.

आता झालंय काय ते बघा. शहाबादीला मुळात बारीक खवलेपणा असतो, पाणी त्या खळग्यांत उतरतं आणि पायाला वरचे उंचवटे लागतात म्हणून पकड मिळते. वेट लुकचं लॅकर हे बहुतेक वेळा ॲक्रिलिक सीलर असतं, म्हणजे प्लास्टिकचाच लेप, ते दगडात न मुरता वर पापुद्रा धरतं. पहिल्या हातात खळगे अर्धे भरतात, दुसऱ्यात पूर्ण, मग पावसाचं पाणी पाय आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पसरतं आणि तुम्ही त्या पाण्यावरून चालता. म्हणून चकाकी कमी झाली असेल तर अजून एक हात मारा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, जितके हात जास्त तितकं निसरडं, शिवाय थर जाड झाला की खालची ओल अडकून पांढरे ढग दिसायला लागतात.

पावसात आत्ता करण्यासारखं थोडंच आहे. तुळशीकडे, विहिरीकडे, न्हाणीकडे जायची जी वाट आहे तेवढ्यावर भोकाभोकांच्या रबरी चटया टाका, ज्यातून पाणी खाली जातं त्या. गोणपाट नको, काथ्याची पण नको, भिजून कुजतात आणि खाली शेवाळ धरतं. वाळू पसरायचा सल्ला शेजारचे देतीलच, तो मातीच्या अंगणाला ठीक होता, गुळगुळीत थरावर सुटी वाळू म्हणजे पायाखाली छर्रे. चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या मिळतात त्या चांगल्या असतात पण ओल्या फरशीवर बसत नाहीत, त्यामुळे आत्ता आणून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे शेवाळ. लॅकर वेगळं आणि शेवाळ वेगळं, लोक दोन्ही एकच धरतात. ऑगस्टपर्यंत वर हिरवट-काळपट थर आला असेल तर तो काढल्याशिवाय बाकी सगळं फुकट. बादलीभर पाण्यात दोन मुठी ब्लीचिंग पावडर ढवळून ठेवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी घ्यायचं नाहीतर फरशीवर पांढरं राहतं. पाऊस थांबलेला असताना ते टाकायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. तुळशीच्या आळ्यात आणि विहिरीकडे ते पाणी जाऊ देऊ नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, जास्त स्वच्छ व्हावं म्हणून त्यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, उघड्या अंगणात सुद्धा घसा धरतो आणि बंद न्हाणीत तर जीवावर बेततं.

खरं काम दिवाळीनंतर. तेव्हा सुद्धा फरशी धुतल्यावर लगेच नाही, तीन-चार दिवस कडक ऊन खाऊ द्या. मग आधी एक छोटी परीक्षा करा, कोपऱ्यात कुठेतरी जिथे दिसणार नाही तिथे फडक्यावर झायलीन (रंग पातळ करायचं सॉल्व्हंट) घेऊन मिनिटभर दाबून धरा. थर चिकट झाला तर ते सॉल्व्हंटवालं ॲक्रिलिक, मग सोपं आहे कारण नवा हात जुन्याला विरघळवून त्यात एकजीव होतो. काहीच झालं नाही तर बहुतेक पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन असेल, मग वर काही मारायच्या आधी पॉलिश पेपरने घासून चमक मोडावी लागेल, नाहीतर नवा थर पापडासारखा सुटेल. झायलीन पेट घेतं आणि डोकं धरतं, त्यामुळे जवळपास चूल, उदबत्ती, विडी काही नको.

मग त्याच जातीच्या सीलरचा एकच पातळ हात मारायचा, पण त्यात ग्रिट घालून. ग्रिट म्हणजे अँटी-स्किड पावडर, पेंटच्या मोठ्या दुकानात विचारा. दोन प्रकार येतात. एक प्लास्टिकची बारीक पूड, जवळजवळ पारदर्शक, पायाला बोचत नाही. दुसरी सिलिका वाळू किंवा ॲल्युमिनियम ऑक्साईड, ही जास्त धरते पण सँडपेपरसारखी लागते, पोरं पडली तर गुडघे सोलतात आणि पुसायचं फडकं अडकतं. तुमच्या अंगणात लोक अनवाणी चालणार, उन्हाळ्यात आमसुलं-कुरडयांची वाळवणं पडणार, तर मी प्लास्टिकची पूडच घेईन. गाडी चढते तेवढा उतार असेल तर तिथे वाळू.

प्रमाण पाकिटावर असतं ते पाळा, अंदाजपंचे नको. आणि मिस्त्री इथेच चुकतात, पूड डब्यात एकदा ढवळली की झालं असं समजतात, ती तर तळाला बसते, वरचं नुसतं सीलर अर्ध्या अंगणाला आणि खालचा रबडा उरलेल्या अर्ध्याला. एक माणूस फक्त ढवळायला ठेवा. नाहीतर दुसरी रीत, ओल्या थरावर पूड मिठासारखी वरून भुरभुरायची आणि लगेच रोलर फिरवायचा म्हणजे दाणे थरात बसतात. काम सकाळी करा, दुपारी तापलेल्या फरशीवर मारलं तर बुडबुडे येतात. आधी दोन फरश्यांवर करून बघा, सुकल्यावर पाणी ओतून अनवाणी चालून बघा, मगच पुढे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी ते लॅकर पूर्ण उतरवून घेईन. स्ट्रिपरने, म्हणजे थर सोडवणाऱ्या रसायनाने निघतं, काम किचकट आहे, मजुरी लागते, पण एकदाच. नंतर दगडात मुरणारं सिलेन-सिलॉक्सेनचं सीलर मारायचं, ते पाणी आणि डाग बऱ्यापैकी अडवतं पण वर थर धरत नाही, त्यामुळे शहाबादीचा मूळ खरखरीतपणा परत मिळतो. काळी कुळकुळीत मात्र दिसणार नाही. आणि धुतल्यावर अंगणात पाणी कुठे साचतंय तेही बघून ठेवा, मीटरमागे सेंटीमीटरभर तरी उतार हवा, नाहीतर डबक्याच्या जागी शेवाळ परत येणारच.

प्रश्न : कुडाळला आमच्या घराला जांभ्याच्या सात पायऱ्या आहेत. त्यांनाही लॅकर मारलंय. वरचं सगळं तुम्ही लिहिता तेच करायचं का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. जांभ्याला मी लॅकर मारूच देत नाही. तो दगड सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो, वर पापुद्रा बसवलात की ओल त्याला खालून ढकलते, एक-दोन पावसाळ्यांत खपल्या निघतात. तुमच्या निघायला लागल्याच असतील. त्या खरवडून काढा आणि परत मारू नका. पायऱ्यांसाठी जुना उपाय बरा, प्रत्येक पायरीच्या कडेपासून दोन इंच आत पाथरवटाकडून टाकी मारून घ्या, पाट्या-वरवंट्याला मारतात तशी, दोन-तीन ओळी आडव्या. जांभ्याला पाथरवटाचा हात हलका लागतो, कड तुटते, हे त्याला आधीच सांगा. शहाबादीला मात्र ही टाकी नको बरं, तो थराथरांचा दगड, पापुद्रेच उडतात. आणि आजी-आजोबा असतील तर एका बाजूला कठडा लावा, टाकीपेक्षा तोच जास्त कामाचा.

प्रश्न : पुण्यात बंगल्याच्या पार्किंगसाठी टाइल घ्यायची आहे, दुकानदार आर ९, आर ११ असं काहीतरी सांगतो. म्हणजे काय, की नुसतं मार्केटिंग?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मार्केटिंग नाही, जर्मन चाचणी आहे. टाइलला तेल लावून उतार करतात, बूट घातलेला माणूस त्यावर चालतो, उतार हळूहळू वाढवत नेतात आणि किती अंशाला पाय सटकतो ते बघतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर ११ म्हणजे १९ ते २७, आर १३ म्हणजे ३५ च्या वर. पावसात भिजणाऱ्या जागेला आर ११ च्या खाली जाऊ नका. अनवाणी पायासाठी वेगळी चाचणी असते, साबणाच्या पाण्यावर, तिचे दर्जे ए, बी, सी, त्यात सी सगळ्यात चांगला. न्हाणीला किंवा बाहेरच्या धुण्याच्या जागेला तो विचारा. दुकानदाराने कॅटलॉगमध्ये छापलेलं दाखवलं तरच धरायचं, तोंडी आर ११ तर सगळेच असतात. आणि घेतलीत तर वरून चमकायला काही मारू नका, मग तो आकडा गेलाच.