रासायनिक शस्त्रांचे साठे नष्ट झाले, मग ओपीसीडब्ल्यूच्या (रासायनिक शस्त्रबंदी करार राबवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य व साहाय्य’ विभागाला आता काम काय उरलं?

भरपूर उरलं आहे. देशांनी जाहीर केलेला शेवटचा साठा अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये नष्ट झाला (भारताने आपला २००९ मध्येच संपवला होता), पण क्लोरीन काही शस्त्रागारातून येत नाही. ते पाणी शुद्ध करायला लागतं, आणि सीरियाच्या युद्धात तेच माणसांवर सोडलं गेलं.

या विभागाचा पाया म्हणजे शस्त्रबंदी करारातली दोन कलमं. दहावं कलम संरक्षणाचं: हल्ला झाला किंवा धमकी आली तर सदस्य देश मदत मागू शकतो आणि संघटनेच्या महासंचालकांना २४ तासांत चौकशी सुरू करावी लागते. मात्र मदत पोहोचेपर्यंत जीव वाचवायचा तो स्थानिक अग्निशमन जवानाने आणि रुग्णालयातल्या डॉक्टरने. म्हणून मुखवटा घालणं, वायू ओळखणं, बाधितांना धुऊन काढणं याचं प्रशिक्षण आधीच द्यावं लागतं. माझ्या मते विभागप्रमुखाची खरी कसोटी इथेच लागते, कारण दिलेलं प्रशिक्षण त्या देशात टिकलं पाहिजे. अधिकारी बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं व्हायला नको.

अकरावं कलम रसायनशास्त्राच्या शांततापूर्ण वापराचं. आफ्रिकेसाठी तर वेगळा कार्यक्रमच आहे. २०२३ मध्ये हेगजवळ नवं रसायन व तंत्रज्ञान केंद्र उघडल्यापासून प्रशिक्षणाला हक्काची जागाही मिळाली आहे.

भोपाळ पाहिलेल्या आपल्या देशाला विषारी वायूपुढे तयारी नसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.