झाकायच्या आधी पाणी भर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. एवढं लांबलचक मोबाइलवर टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर फोन कर, अंदाजाने वाचू नकोस.

बी.कॉम. झालं, मालाडच्या कॉल सेंटरमध्ये बसून लोकांच्या थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करून झाले, आता कंटाळलास आणि प्लंबिंग शिकायचं डोक्यात आलंय. चांगलं आलंय. या लाइनमध्ये पोट भरतं का, हे मला विचारू नकोस. माझी दोन्ही पोरं कशावर शिकली ते तू डोळ्यांनी बघितलंस. त्यामुळे 'तू कर, मी आहे' वगैरे लिहिण्यात मी शाई घालवत नाही. मला राग आलाय तो तुझ्या कारणांचा. चार कारणं दिलीस, त्यातली तीन फोल आहेत.

पहिलं म्हणे, एआय आलं तरी प्लंबरचं काम जाणार नाही. नाही जाणार बहुतेक. जुन्या चाळीच्या मोरीत पालथं पडून गंजलेल्या लोखंडी पाइपचा कोपरा, म्हणजे जीआयचा एल्बो, सोडवायला कुठलं मशीन येतंय ते बघूच. पण भीतीपोटी आलेला माणूस भीती गेली की टिकत नाही. लॉकडाऊनमध्ये नोकऱ्या गेल्या तेव्हा असे बरेच जण माझ्याकडे आले होते. पोरं चांगली होती. ऑफिसं उघडली तशी एकेक करून माझा फोन उचलेनाशी झाली.

दुसरं, पैसा. पैसा आहे, पण लगेच नाही. पहिलं वर्षभर हेल्परची हजेरी मिळेल, ती तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी असेल, आणि संध्याकाळी गुडघे बोलायला लागतील. पुढे मात्र काम कमी पडणार नाही, कारण हे शहरच तसं आहे. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा, मिडल वैतरणा. एवढे सात तलाव, तरी नळाला पाणी येतं ते दिवसाचे काही तास. म्हणून प्रत्येक इमारतीला खाली एक टाकी, वर एक टाकी, मध्ये पंप, आणि तिथून घराघरात उतरणारे पाइप. त्यात आता पुनर्विकास. बीडीडी चाळींचंच घे. १९२० च्या दशकातलं बांधकाम, १६० चौरस फुटांची खोली, कोपऱ्यात मोरी, संडास मजल्यावर सामायिक. त्या माणसांना आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. आत स्वतःचा संडास, स्वतःचं बाथरूम, किचनला सिंक, वॉशिंग मशीनचा वेगळा पॉइंट. एका मोरीच्या जागी किती ट्रॅप आणि किती जॉइंट झाले ते मोज. बी.कॉम. आहेस, हिशेब येत असेल.

तिसरं कारण वाचून तर मी चष्मा काढून ठेवला. 'दिवस संपला की आपण काय केलं ते डोळ्यांना दिसतं.' हे तू कुठल्या तरी रीलमध्ये ऐकलंयस. प्लंबरचं काम दिसत नाही रे. दिसतो तो नळ, आणि नळ बसवणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. तुझं खरं काम लादीखाली जातं, भिंतीत खोदलेल्या झिरीत जातं, फॉल्स सीलिंगच्या वर जातं. वायरमनचं तेच, सळई बांधणाऱ्याचंही तेच; काँक्रीट ओतलं की त्याची बांधणी पुन्हा कोणी बघत नाही. मी हाताखालच्या पोरांना तोंडाने एकच गोष्ट शिकवतो, बाकीचं ती हाताने शिकतात. झाकायच्या आधी पाणी भर.

म्हणजे काय ते नीट सांगतो. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली ठेवलेला असतो, त्याला साइटवर संकन म्हणतात. त्या स्लॅबमधून पाइप खाली जातो, त्यावर नाहणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जाऊ देणारा पण वास अडवणारा भाग, बसतो, मग वॉटरप्रूफिंग, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, त्यावर लादी. वॉटरप्रूफिंग झालं की आउटलेटना बुचं मारायची आणि संकन पाण्याने भरायचा. पाणी जिथवर आलं तिथे भिंतीला खिळ्याने ओरखडा मारायचा. पेन्सिल नको, ओलीत पुसते. मग ४८ तास कोणी आत पाय ठेवायचा नाही. शेजारी एक बादली भरून ठेवायची, तिच्यावरही खूण करायची. उन्हाळ्यात पाणी सुकतंच. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढं सुकलं, संकनमधलं त्याहून जास्त उतरलं तर ते गळलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छतावर बॅटरी मारायची, आणि ती सरळ नाही, तिरकी. कोरडा स्लॅब पांढुरका दिसतो. ओल उतरली असेल तर पाइपभोवती गडद कडं दिसतं, कारण ओल बहुतेक वेळा पाइप आणि स्लॅबच्या सांध्यातूनच उतरते. कडं दिसलं की पाणी काढ, सांधा उघड, पुन्हा भर, परत वाट बघ.

प्रेशरच्या लाइनलाही तोच नियम. सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपच्या, जॉइंटला सॉल्व्हंट, म्हणजे चिकटवायचा द्राव, लावला की पाइप आत ढकलताना पाव फेरा द्यायचा आणि थोडा वेळ दाबून धरायचा, नाहीतर तो आपोआप मागे सरकतो. सरकलेला बाहेरून कळत नाही. म्हणून झिरी बुजवण्याआधी हातपंप लावून प्रेशर चढवायचं आणि गेजचा काटा खाली येतो का ते बघायचं. येत असेल तर प्लास्टरवाल्याला चहा पाज, पण भिंतीला थापी लावू देऊ नकोस.

तुला वाटेल, एवढी साधी गोष्ट, सगळेच करत असतील. सगळे नाही करत. अडचण त्या ४८ तासांची आहे. लादीवाले उभे, त्यांची हजेरी चालू, इंजिनीअरला वरून फोन, टँकरचं पाणी विकतचं. सगळ्यांची घाई तुझ्या बोकांडी बसते आणि त्या मजल्यावर तू सगळ्यात लहान माणूस असतोस. पाणी भरायला हात लागतात. 'भरल्याशिवाय झाकू देणार नाही' म्हणायला जीभ लागते, आणि ती कुठल्या कोर्सात मिळत नाही.

परळच्या एका टॉवरला मी ती चालवली. नाव सांगत नाही. अठरावा मजला, आठ बाथरूम. इंजिनीअर म्हणाला, मिस्त्री, खालचे सगळे मजले टेस्ट झाले, इथे वेगळं काय होणार? मी म्हटलं, तसं लिहून द्या. त्याने लिहून दिलं नाही, मी पाणी काढलं नाही. लादीवाले दोन दिवस बसून राहिले, त्यांची हजेरी माझ्या बिलातून कापली गेली, पुढचे मजले दुसऱ्याला गेले, आणि रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, पाच टक्के आजतागायत आलेले नाहीत. गळती निघाली का, असं विचारशील. नाही निघाली. आठही बाथरूम कोरडी ठणठणीत होती.

हे ऐकून लोक हसतात. हसू देत. कोरडी आहेत हे त्या सकाळी मला माहीत होतं का? नव्हतं. इंजिनीअरला होतं का? त्यालाही नव्हतं. दोन दिवसांनी दोघांनाही माहीत झालं. त्या माहितीचे पैसे मी मोजले आणि ते फार लागले, एवढंच. टेस्ट पास झाली म्हणजे टेस्ट फुकट गेली, असं ज्याला वाटतं त्याने माझ्या कामावर येऊ नये. तूसुद्धा.

माझा तेव्हाचा पार्टनर त्यानंतर वेगळा झाला. आज अंधेरीला त्याचं ऑफिस आहे, दारात गाडी आहे. त्याची कामं गळतात असं मी म्हणणार नाही. मुद्दाम चौकशी केली आहे, फारशी गळत नाहीत. तुझी काकू हे ऐकवायची एक संधी सोडत नाही. मी तिला सांगतो, त्याने पुढे टेस्टिंगला वेगळा माणूस ठेवला, म्हणजे शेवटी माझंच केलं, फक्त पैसे आल्यावर. ती म्हणते, तेच तर, पैसे आल्यावर. यावर मला उत्तर सुचत नाही, आणि मी ऐकतही नाही. बिल्डर चावी देऊन निघून गेला की वरच्या घरातली आणि खालच्या घरातली माणसं कशी भांडतात ते मी वर्षानुवर्षं बघतोय. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे संडास, सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च ज्या त्या सभासदाने करायचा. म्हणजे घाईने लादी टाकणारा सुटला, आणि एका जिन्यावरची दोन घरं जन्माची वैरी झाली. खालचा दर दिवाळीला छताला रंग काढतो, वरचा मीटिंगला येणं बंद करतो. त्या भांडणात माझं नाव निघायला नको होतं. धंदा म्हणून हे बरोबर की चूक, तू ठरव. किंवा राहू दे, तुला अजून काही कळत नाही. आधी झाकण्यापूर्वी पाणी भरायला शीक, मग ठरव.

चौथं कारण तू अगदी शेवटी, लाजत लिहिलंयस. 'कुणाच्या घरात पाणी येत नसेल तर मला ते आणता यावं, एवढी एक तरी गोष्ट मला यावी.' अरे, हे पहिलं लिहायचं! या एका ओळीसाठी मी कागद घेऊन बसलो. बाकीची तीन खोडून टाक.

आता वहिनींचं, म्हणजे तुझ्या आईचं. त्यांना हे 'गटाराचं काम' वाटतं. त्या शब्दामागे जात दडलेली आहे हे तुलाही कळतं, मलाही कळतं, आणि पत्रातून ती निघायची नाही. पण त्यांची एक भीती खरी आहे आणि तिथे मी त्यांच्या बाजूचा आहे. मॅनहोलमध्ये, सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. कोणी किती का पैसे देईना. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. खालची टाकी पिण्याच्या पाण्याची म्हणून निर्धास्त राहू नकोस, बंद टाकीतही माणसं गुदमरली आहेत. नाही म्हटल्यावर कामावरून काढलं तर त्याच दिवशी मला फोन कर.

लग्नाचं म्हणशील, तर बायोडाटावर सगळे 'स्वतःचा व्यवसाय' लिहितात. तू 'प्लंबर' असं लिही. जी हो म्हणेल तिच्याशी पुढचं बोलणं सोपं जाईल.

वय गेलं का, असं विचारलंस. आयटीआयला वयाची वरची अट नाही. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा, प्रवेश ऑनलाइन. वर्गात पदवीधर म्हणून मिरवू नकोस. शेजारी सोळा वर्षांचं पोर बसलेलं असेल आणि त्याचा हात तुझ्याआधी बसेल. त्यानंतर अ‍ॅप्रेंटिसशिप कर. आणि मग महापालिकेचं प्लंबरचं लायसन्स. हे टाळू नकोस. पाण्याच्या जोडणीचा अर्ज लायसन्सवाल्याच्या सहीनेच जातो. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि माझी शाळा, त्यामुळे माझ्या कामांवर जन्मभर दुसऱ्याची सही पडत आली. काम माझं, कागद त्याचा, आणि सहीचे पैसे वर. हे मला अजून खुपतं. तू लायसन्स काढलंस तर माझ्या अर्जांवर तू सही करशील, हा यातला माझा स्वार्थ आहे, लपवत नाही.

प्रवेश सुरू होईपर्यंत नायगावच्या कामावर ये. सकाळी साडेआठला, बंद बूट घालून. हजेरी हेल्परची मिळेल, ओळखीचा म्हणून एक रुपया जास्त नाही. आईशी मात्र तूच बोलायचं. मला मध्ये घातलंस तर मी सरळ वहिनींच्या बाजूने बोलेन.

तुझा,
काका